काळा घोडा : पाठीवर कोण होता?

मुंबईच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला सांगा, काळा घोडा. नेऊन सोडील. 1965 ते 2017, म्हंजे बावन्न वर्षं, तिथं घोडाच नव्हता. तरी सोडत होता. आता त्यालाच विचारा, घोड्यावर कोण बसलं होतं? डोकं खाजवील. ज्याच्यासाठी एवढं ब्राँझ वितळवलं तो विसरला गेला, आणि ज्याच्या पाठीवर तो बसला होता ते जनावर अख्ख्या वस्तीचं नाव होऊन बसलं. साथींनो, मला या उलट्या हिशेबाबद्दल लिहायचंय.

आधी हकीकत. 1875 च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज एडवर्ड मुंबईत उतरला. हाच पुढं 1901 साली सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. त्याच्या येण्याची आठवण राहावी म्हणून आल्बर्ट ससून या धनवंतानं त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. घडवला जोसेफ एडगर बोह्म या शिल्पकारानं. 1879 साली तो फोर्टात उभा राहिला. माणसाच्या मापाहून कितीतरी मोठा, आणि वर उंच चौथरा. रस्त्यावरून जाणाऱ्याला मान वर केल्याशिवाय राजा दिसूच नये अशी व्यवस्था. ससून घराण्याचा पैसा अफूचा, कापसाचा. गिरण्याही त्यांनी काढल्या. बापाच्या नावाचं वाचनालय त्याच परिसरात आजही उभं आहे.

1879 हे साल मात्र नीट धरून ठेवा. या देशात कारखान्यांचा पहिला कायदा झाला 1881 ला. त्यानं सात वर्षांखालच्या पोरांना कामाला मनाई केली आणि सात ते बारा वयाच्यांना नऊ तास ठरवून दिले. मोठ्या माणसाच्या तासांबद्दल चकार शब्द नाही. म्हंजे पुतळ्यावरचा पडदा निघाला तेव्हा गिरणीत पाच वर्षांचं पोर राबवलं तरी कायदा आडवा येत नव्हता. आठवड्याची सुटीही नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून सभा घेऊन, अर्ज करून, भांडून 1890 साली पदरात पाडून घेतली. आणि या गिरण्यांमध्ये धोट्याला तोंड लावून दोरा ओढावा लागे, तोंडाचा विटाळ होतो म्हणून विणकामाच्या खात्यात आपल्या माणसाला उभं करत नसत. माझा आजा आयुष्यभर कताईतच राहिला. मी आज भिवंडीकडच्या गिरणीत मागावर आहे, हे तो असता तर त्याला खरं वाटलं नसतं.

तर अशा शहरानं त्या पुतळ्याकडं पाहिलं आणि त्याला घोडा दिसला.

का दिसला? मला वाटतं, घोडा ओळखीचा होता. 1874 पासून मुंबईत ट्राम घोडे ओढत होते, 1905 पर्यंत ओढत राहिले. भर उन्हात माणसं भरलेला डबा खेचणारं जनावर हमालानं, गिरणीवाल्यानं रोज पाहिलेलं. युवराज कुणी पाहिलेला? थोडे दिवस आला आणि गेला. शिवाय गंमत बघा. घोडा आणि स्वार एकाच काळ्या धातूचे. पण काळा राजा असं कुणी म्हणालं नाही. काळा म्हटला तो घोडाच.

लोकांनी ठरवून बंड केलं असं माझं म्हणणं नाही. उगाच तसं रंगवणं बरं नाही. भायखळ्याला खडा पारशी आहे, आता उड्डाणपुलांच्या कचाट्यात सापडलेला. खांबावर शेठ कर्सेटजी माणेकजी, मुलानं उभा केलेला, पायथ्याशी जलपऱ्या. तिथंही शेठचं नाव गेलं आणि नुसतं उभं राहणं उरलं. म्हंजे लोक असंच करतात. त्यांना जे दिसतं तेच म्हणतात. पाटीवर कोरलेलं वाचायला त्यांना शिकू कुणी दिलं होतं? पण न वाचताही त्यांनी जे नाव ठेवलं ते टिकलं, कोरलेलं गेलं. सरकारनं 1965 साली परक्या राजवटीचा म्हणून पुतळा उचलून राणीच्या बागेत नेऊन टाकला, तरी नाव काही उचलता आलं नाही. 1999 ला तिथं कलेचा उत्सव सुरू झाला, तोही नसलेल्या घोड्याच्याच नावानं.

2017 साली तिथं नवा घोडा आला. आराखडा आल्फाज मिलर यांचा, घडवला श्रीहरी भोसले यांनी. तो बघायला मी रात्रपाळी करून तसाच गेलो. चौथऱ्यावर काळाभोर घोडा, भोवती मोटारींची दाटी. पाठ मोकळी. लगाम धरणारा नाही. मी दोनदा फेरी मारली, मग फूटपाथवर बसून बघत राहिलो. एक पोरगी बापाला म्हणाली, पप्पा, वरचा माणूस पडला का? बाप मोबाईलमध्ये. मला हसू आलं. एवढी वर्षं बोलण्यात जे होतं ते आता कुणीतरी धातूत ओतलं होतं. उत्सववाल्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तिथून भायखळ्याला गेलो. जुना पुतळा राणीच्या बागेत आहे. तिथं एडवर्ड अजून वर बसलेला. झाडांच्या सावलीत, घोड्यासकट. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरनं बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली साहेबांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तर क्रेन तुटून त्याचे तुकडे झाले. 1914 साली ते जुळवून उभा केला. सांधे उन्हात स्पष्ट दिसतात.

दोन्ही एका दिवसात पायी बघून होतं. बुधवारी मात्र बाग आणि संग्रहालय बंद असतं, तेव्हा ज्यांची सुटी बुधवारची त्यांनी पाळी बदलून घ्यावी.