नावाची ओळ

आमच्या लहानपणी नांदेडला भीमजयंतीची रात्र उजाडेपर्यंत सरत नसे. वस्तीतल्या मोकळ्या जागेत सतरंज्या पडत, पेटी आणि ढोलकी येई, आणि गायकाने पहिली तान घेतली की पेंगुळलेली पोरेही उठून बसत. गाणे संपत आले म्हणजे आजोबा माझा हात दाबून म्हणत, "आता नीट ऐक हं, नाव येतंय!" आणि खरेच, शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येई. गाणारा कुणीही असो, गाणे वामनदादांचे!

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळेचा योग नाही. मोठेपणी कुणी पत्र वाचावयास दिले, ते वाचता येईना म्हणून हा माणूस रडला, आणि मग अक्षरे शिकला. पुढे त्याच हाताने हजारो गीते लिहिली आणि गावोगाव फिरून स्वतः गाइली. शेवटच्या कडव्यात नाव गुंफण्याची रीत आपल्या संतांची. तुकोबांचे अभंग खेड्यापाड्यांत कर्त्याच्या नावासह टिकले, ते याच ओळीच्या बळावर. ज्याच्यापाशी छापखाना नाही, त्याची ही नोंदवही!

मराठवाड्यात तर गाणे हेच कित्येकांचे वर्तमानपत्र होते. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावे पेटली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा त्यात बळी गेला. पुढे १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडलाच आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही नावे मी प्रथम ऐकली ती पुस्तकात नव्हे, गाण्यात.

परंतु नाव टिकले म्हणून गळा टिकतो काय? इथे मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. लातूरला माझ्या मामांकडे टेपरेकॉर्डर होता. जयंतीच्या एका रात्री त्यांनी गावातल्याच एका गायकाची गाणी त्यावर धरून ठेवली होती. गाणी त्याचीच, चालीही त्याच्याच. सुटीत गेलो असता मी त्याच फितीवर क्रिकेटचे धावते समालोचन भरले! मामांनी रागही केला नाही. एवढेच म्हणाले, "तो आता नाही रे." त्या माणसाच्या आवाजाची ती एकच खूण होती, हे मला फार उशिरा उमगले.

म्हणूनच आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट पाहताना मी अस्वस्थ झालो. मुलुंडच्या झोपडवस्तीतला कवी-गायक विलास घोगरे त्यात गाताना दिसतो. पटवर्धनांनी पूर्वी 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटातही त्याचे गाणे टिपले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. चारच दिवसांनी विलासने आपले जीवन संपवले. त्यानंतर चौदा वर्षे कॅमेरा वस्त्या-वस्त्यांतून, शाहिरांच्या रात्रींतून हिंडत राहिला, तेव्हा कुठे हा चित्रपट पुरा झाला. माणूस गेला, पण त्याच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरा, मान वेळावणे, ओळ फेकताना लकाकणारे डोळे, सारे उरले! नावाच्या ओळीत हे कधी मावले नसते.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. आज नांदेडच्या जयंतीत पाहावे तर गायकासमोर शंभर हात मोबाईल धरून उभे असतात. माझ्या पिढीतले काही नाक मुरडतात. मी मुरडत नाही. फितीचा धडा मला पुरला आहे. मात्र त्या चित्रांखाली पुष्कळदा ना गीतकाराचे नाव असते, ना गावाचे, ना तारखेचे. आजोबांपाशी कॅमेरा नव्हता, पण नाव होते. आपल्यापाशी कॅमेरा आहे, आणि नाव गळते आहे!

दिवाळीनिमित्त घरोघर माणसे जमतात. वाचकहो, तुमच्या घरी कुणी आजी ओव्या म्हणत असेल, कुणी काका स्वतःची पदे गात असतील, तर त्यांना गाऊ द्या आणि टिपून ठेवा. आणि शेवटी हळूच विचारा, "हे कुणाचं?" ते उत्तरही त्या गाण्याबरोबर राहू द्या.