‘डिपेंडन्सी हेल’: सीडीवर न मावणारा पेच

आज लिनक्सवर एखादा प्रोग्राम हवा असेल तर टर्मिनलमध्ये एक आज्ञा लिहून चहा ठेवायला उठता येते. पंचवीस वर्षांपूर्वी याच कामात अख्खा रविवार जाई, आणि सोमवारी संगणक सुरू होईल याची शाश्वती नसे.

नव्वदच्या दशकात भारतातील अनेकांना लिनक्स भेटले ते ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीतून. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटांच्या हिशेबाने मिळे. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी तर सीडीवर असेल तेवढेच जग. तिच्यावर नसलेली एक लायब्ररी म्हणजे यवतमाळ-नागपूरची फेरी, नाहीतर पुढच्या अंकाची प्रतीक्षा.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांनी सामाईक वापरायचा कोड. जागा वाचते, पण सामाईक विहिरीसारखे तंटेही येतात. एका प्रोग्रामला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. आणि नवी बसवली की तिसराच, आजवर सुरळीत चालणारा, बंद पडतो.

रेड हॅटने १९९५ मध्ये आरपीएम आणले. कोणत्या पॅकेजला काय लागते याची नोंद त्यात असे. मात्र जे लागते ते आणून देण्याचे काम आरपीएमचे नव्हते. उणीव दाखवून ते थांबे. वैतागलेला माणूस मग ‘नोडेप्स’ हा पर्याय वापरी, म्हणजे तपासणीच नको. पॅकेज बसे, प्रोग्राम चालेच असे नाही.

सर्वांत मोठा तंटा खुद्द सी लायब्ररीचा. रेड हॅट ५.० (१९९७ अखेर) आणि डेबियन २.० (जुलै १९९८) यांनी पाचवी लायब्ररी सोडून सहावी स्वीकारली. जवळपास प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा! निभावले ते एका साध्या संकेतामुळे: लायब्ररीच्या फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून दोन्ही एकाच यंत्रात नांदू शकल्या.

मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ‘ॲप्ट’ आले. अवलंबित्वाची अख्खी साखळी ते स्वतः शोधी आणि भांडारातून उतरवून घेई. कौतुक आज्ञेचे होते, परंतु ते भांडार परस्परसुसंगत ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचे श्रम अधिक मोलाचे होते. ती शिस्त नसती तर ॲप्टने गोंधळच अधिक वेगाने घरी आणला असता. आरपीएमच्या जगात हीच सोय ‘यम’ने केली. ड्यूक विद्यापीठात काम करणारे सेथ विडाल हे त्याचे प्रमुख शिल्पकार. २०१३ मध्ये सायकलवरून जात असताना मोटारीची धडक बसून वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तरीही ही साधने मधूनच अडत. दोष केवळ लिहिणाऱ्यांचा नव्हता. एखादे पॅकेज बसवता येईल की नाही, हा प्रश्नच ‘एनपी-पूर्ण’ आहे, हे युरोपातील ‘एडॉस’ प्रकल्पाच्या संशोधकांनी २००६ मध्ये सिद्ध केले. म्हणजे प्रत्येक प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत कोणालाच ठाऊक नाही. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये मांडलेले तर्कशास्त्रातले कोडे राळेगावच्या सीडीतही दडलेले होते!

मग उपायही तर्कशास्त्रातूनच आला. ‘हे हवे’, ‘हे त्यासोबत नको’ अशा अटींची विधाने करून ती ‘सॅट सॉल्व्हर’कडे सोपवायची. ओपनसुसे ११.० ने २००८ मध्ये हा मार्ग धरला; त्याच घराण्यातील लायब्ररी वापरणारे ‘डीएनएफ’ २०१५ च्या फेडोरा २२ मध्ये यमच्या जागी आले.

आरपीएममधला ‘नोडेप्स’ मात्र अजून तसाच आहे.