दख्खनी आणि मराठी : साम्य आणि भेद

हैदराबादेत बोलली जाणारी दख्खनी ही उत्तरेकडील बोलींपासून घडलेली भाषा. चौदाव्या शतकापासून ती मराठी, तेलुगू व कन्नड भाषकांच्या सहवासात दक्षिणेत रुजली. १५९१ मध्ये हैदराबाद वसविणारा मुहम्मद कुली कुतुबशहा स्वतः दख्खनीचा नामवंत कवी होता.

मराठीशी असलेले तिचे नाते रोजच्या बोलण्यात आढळते. दख्खनीतील ‘नक्को’ म्हणजे मराठीतील ‘नको’. गोमंतकीयांना येथे कोकणीतील ‘नाका’ आठवेल. प्रमाण उर्दूत ‘वही’ म्हणतात, तेथे दख्खनीत ‘वोइच’ येते. ‘तोच’मधील जोर देणारा ‘च’ तो हाच.

भेदही तितकेच ठळक आहेत. मराठीत तीन लिंगे, दख्खनीत दोन. ‘बात’चे ‘बातां’ हे अनेकवचन पंजाबी व हरियाणवीशी जुळते. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे बदलते. उर्दूतही ‘मैंने रोटी खाई’ असेच होते. दख्खनी पुरुष मात्र ‘मैं रोटी खाया’ म्हणतो. तेथे तेलुगूप्रमाणे क्रियापद कर्त्यामागे जाते.

दख्खनीला पुष्कळदा ‘बिघडलेली उर्दू’ म्हणून हिणवले जाते आणि चित्रपटांत ती बहुधा विनोदापुरती उरते. परंतु वरील रूपे चुकून आलेली नाहीत. ती नियमाने येतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी त्या शहराच्या नकारात मराठी आजही ऐकू येते.