वीज वाहणारी माती

विजेच्या खांबावर तारेखालीं चिनी मातीचा पांढरा तुकडा बसविलेला असतो. तारेंतील वीज खांबांत उतरूं नये, एवढेंच त्याचें काम. वीज वाहावी ती धातूनें आणि अडवावी ती भाजलेल्या मातीनें, ही समजूत शास्त्रज्ञांच्या मनांतहि दीर्घकाळ घर करून होती. ती कशी ढळली, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

१८३९ सालीं गुस्टाव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें उरल पर्वतांतील एका खनिजास पेरोव्हस्की या रशियन मुत्सद्द्याच्या नांवावरून पेरोव्हस्काइट हें नांव दिलें. कॅल्शियम, टायटॅनियम व प्राणवायु यांचें तें संयुग. पुढें याच ठेवणीचीं अनेक ऑक्साइडें सांपडलीं. त्यांतील पुष्कळशीं वीज अडवितात. कांहीं मात्र धातूप्रमाणें ती वाहूं देतात.

१९११ सालीं लायडेन येथें कामर्लिंग ओनेस यांनीं पारा केवल शून्याच्या वर सुमारें ४ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हां त्याचा विद्युत्-विरोध एकाएकीं नाहींसा झाला. हीच अतिवाहकता. पुढें धातूंत व मिश्रधातूंत तिचा शोध चालू राहिला; परंतु १९७३ सालीं गांठलेल्या २३ अंशांपुढें तेरा वर्षें पाऊल पडलें नाहीं.

१९८५ सालीं फ्रान्समधील मिशेल, राव्हो व त्यांचे सहकारी यांनीं बेरियम, लॅन्थनम व तांबें यांचें पेरोव्हस्काइट ठेवणीचें ऑक्साइड धातूप्रमाणें वीज वाहतें, असें दाखविलें. त्यांचा हेतु निराळा होता. त्यामुळें मोजमाप उणें १०० सेंटिग्रेडपाशीं थांबलें. इकडे झुरिचनजीक आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेंत बेडनॉर्झ व म्युलर हे ऑक्साइडांत अतिवाहकताच शोधीत होते आणि वारंवार निराश होत होते. तो फ्रेंच निबंध बेडनॉर्झ यांच्या वाचनांत आला. त्यांनीं तशाच घटकांचे पदार्थ बनवून पुष्कळ खालपर्यंत थंड केले. १९८६ सालीं ३० अंशांच्या घरांतच विरोध कोसळूं लागला! तरीहि निबंधाच्या मथळ्यांत त्यांनीं ‘संभाव्य’ हाच शब्द ठेविला. १९८७ सालीं अमेरिकेंत वू, चू व त्यांचे सहकारी यांनीं यट्रियम घालून ९३ अंश गांठले. द्रवरूप नायट्रोजन ७७ अंशांवर उकळतो. तेव्हां महागड्या हेलियमची गरज उरली नाहीं. बेडनॉर्झ व म्युलर यांस त्याच वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उष्णतेच्या बाबतींतहि हा पदार्थ विलक्षण ठरला. धातूंत वीज व उष्णता यांचें वहन हातांत हात घालून चालतें, हें १८५३ सालीं वीडेमान व फ्रान्झ यांनीं दाखविलें होतें. सामान्य शुद्ध धातु अतिवाहक झाला कीं त्याची उष्णतावाहकता घटत जाते, कारण जोडीनें फिरणारे इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेत नाहींत. यट्रियमच्या या ऑक्साइडांत ती उलट प्रथम वाढते. त्याच्या अतिवाहकतेची सर्वमान्य उपपत्ति अद्याप लागलेली नाहीं.

एकाच जातीचें द्रव्य दोन ठिकाणीं हातीं होतें. एकानें विचारलें, हें वीज वाहतें काय? दुसऱ्यानें विचारलें, ही वीज विनाविरोध वाहील काय? जसा प्रश्न, तसें उत्तर निसर्गानें दिलें.