पुणे ग्रँड टूर
पुणे जिल्ह्यात १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत झालेली पुरुषांची टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या (यूसीआय) २.२ या वर्गातली ही भारतातली पहिलीच बहुटप्पी शर्यत. साडेसात किलोमीटरचा प्रोलॉग (एकट्याने घड्याळाशी धावायचा छोटा सुरुवातीचा टप्पा) आणि चार टप्पे मिळून अंतर ४३७ किलोमीटर होते. अंतिम विजेता न्यूझीलंडचा ल्यूक मडगवे ठरला. नावात ‘ग्रँड टूर’ असले तरी फ्रान्स (१९०३), इटली (१९०९) आणि स्पेन (१९३५) इथल्या तीन आठवडे चालणाऱ्या शर्यतींच्या पंक्तीत ती बसत नाही. २.२ वर्गात जगातले अव्वल व्यावसायिक संघ उतरूच शकत नाहीत. इथे येतात ते मुख्यतः त्याखालच्या दर्जाचे कॉन्टिनेन्टल संघ आणि राष्ट्रीय संघ.

महाराष्ट्राला मुंबई–पुणे सायकल शर्यत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटांचा राजा’ हा किताबही. मग या नव्या शर्यतीत वेगळे ते काय, असे कोणी विचारील. फरक हिशेबाचा आहे. मुंबई–पुण्यात जो आधी पोहोचला तो जिंकला, विषय संपला. बहुटप्पी शर्यतीत रोजची वेळ बेरजेत धरतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर आघाडीवीराची जर्सी. एकाच घोळक्यातून शेवटची रेघ ओलांडणाऱ्यांना मात्र वेळ एकच मिळते, मग कोणी पहिला असो की साठावा. सपाट रस्त्यावर पुढच्याच्या पाठीआड राहिले की वाऱ्याचा मारा बराच चुकतो आणि तुलनेने कच्चा स्वारही घोळक्यात टिकून राहतो. अशा दिवशी बेरजेत पडलाच तर बोनसच्या चार-दहा सेकंदांचा फरक पडतो. खरी फोड होते ती चढावर, आडव्या वाऱ्यात, नाहीतर एकट्याने घड्याळाशी झुंजताना. म्हणूनच अशा शर्यतीचा अर्धा निकाल मार्ग आखणाऱ्याच्या हातात असतो, आणि या कसोटीवर पुण्याचा मार्ग देखणा पण आखूड वाटतो. सर्वांत लांब, बारामतीत संपणारा तिसरा टप्पाही १३४ किलोमीटरचाच होता. पुरंदर आणि मुळशीकडचे चढ कठीण असले, तरी चढानंतर बराच सपाट रस्ता उरला की फुटलेला घोळका पुन्हा जुळतो.

शर्यतीने भीमा ओलांडून अहिल्यानगर जिल्ह्यात यावे, असे म्हणण्याचे कारण यातच आहे. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्यात श्रीगोंदा–कर्जतकडे उघडे, झाडे कमी असलेले लांबलचक रस्ते आहेत. तिथे आडवा वारा सुटला तर घोळक्याच्या चिंध्या होऊ शकतात. कळसूबाई (१,६४६ मीटर) याच जिल्ह्यात असल्याने अनेकांची नजर आधी अकोले–भंडारदऱ्याकडे जाईल. पण शिखर उंच म्हणून रस्ता चढाचा, असे होत नाही. संगमनेरहून भंडारदऱ्यापर्यंतची वाट बरीचशी सावकाश वर जाते. माझ्या मते खरी जागा पूर्वेला, पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगरांत आहे. करंजी घाट, तिसगाव, मढी अशा फेऱ्या घेऊन मोहटादेवीच्या गडावर टप्पा संपवला तर चढ लहान असूनही शेवटी येईल, आणि मागे पडलेल्याला भरपाईसाठी रस्ताच उरणार नाही.

यावर पहिला आक्षेप रस्त्यांचा. पुण्यात पहिल्याच टप्प्यात मोठा घोळका कोसळला आणि शर्यत काही काळ थांबवावी लागली. शहराजवळ हे होते तर पाथर्डीत काय होईल? आक्षेप खरा आहे, पण तो डांबराच्या गुळगुळीतपणाइतकाच रुंदीचा आहे. घोळका ताजातवाना आणि दाट असतानाच अरुंद वळणे आली की धडका होतात. ती टप्प्याच्या उत्तरार्धात, घोळका विखुरल्यावर ठेवता येतात. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी रस्ते कशाला, हा दुसरा आक्षेप तर फारच लटका. पाहुणे गेले तरी डांबर तिथेच राहते.

तिसरा आक्षेप कोणी फारसा घेत नाही, पण तोच सर्वांत वजनदार आहे. जानेवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. श्रीगोंदा, राहाता, श्रीरामपूर भागात रस्ता चार तास बंद केला तर उसाच्या ट्रॉल्यांची रांग तिथेच तुंबते, आणि तोडलेल्या उसाचे वजन व साखर दोन्ही तासागणिक घटतात. वळणावर सांडलेल्या उसाच्या कांड्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल अरुंद टायरच्या सायकलीला घातक, तो भाग वेगळाच. पाथर्डी तालुक्यात ही अडचण बरीच कमी, कारण तो ऊस पिकवणाऱ्यांपेक्षा तोडणाऱ्यांचा तालुका. पण त्यामुळेच जानेवारीत तिथली अनेक कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांच्या फडांवर गेलेली असतात. ती परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. शर्यत पुढे ढकलून स्वारांना उन्हात पिळण्यापेक्षा टप्पा जानेवारीतच घ्यावा आणि रस्त्याकडेच्या गर्दीची अपेक्षा शाळांच्या पोरांकडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून आणि गडावर येणाऱ्या भाविकांकडून ठेवावी.