सातारा-सांगलीच्या वाटेवरचे बायबल

सातारा आणि सांगली हा वारकऱ्यांचा मुलूख. ज्ञानोबांची पालखी दर आषाढीला लोणंद-फलटणवरून पंढरीला जाते. गावोगाव सप्ताह बसतात, पारायणे होतात. अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही ओव्या मुखोद्गत असतात. अशा शेजारात राहणाऱ्या आम्हा कॅथलिकांच्या घरी बायबल मात्र पुष्कळदा कपाटात जपून ठेवलेले असते. असे का व्हावे, हे इतिहासाच्या अंगाने पाहणे इष्ट ठरेल.

आरंभी आपण मागे नव्हतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमधून मोठ्याने वाचला जाई. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती माणसाला त्याच्याच छंदात बायबलची कथा ऐकू आली. पण हे भाषांतर नव्हे. देशी भाषेतील बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी, असा नियम रोमने १५६४ साली घातला होता. नियम पुढे शिथिल झाला; मनात बसलेली भीती मात्र उरली. बायबल वाचणे हे प्रॉटेस्टंटांचे काम, अशी समजूत त्यातूनच रुजली.

देशावर मराठी बायबल आले ते त्यांच्याच हातून. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर छापखान्यातून १८११ साली नवा करार निघाला. मुंबईत संपूर्ण बायबल १८४७ मध्ये पूर्ण झाले. त्याच सुमारास अमेरिकन मिशनरी साताऱ्यात स्थिरावले आणि शतकाच्या उत्तरार्धात सांगली-मिरजेकडेही पोचले.

येथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण अटळ आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो भाविकपणे नव्हे, चिकित्सकपणे वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनाशी ते खिळून राहिले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापिला. टिळक कॅथलिक नव्हते, हे खरेच. पण शंका घेत घेत वाचण्याची त्यांची रीत आपल्याला परकी मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

एक व्यावहारिक अडचणही होती. बाजारात मिळणाऱ्या मराठी बायबलमध्ये ६६ पुस्तके असत. कॅथलिक बायबलची पुस्तके ७३. टोबीत, यूदीथ, मक्काबींची दोन पुस्तके इत्यादी सात ग्रंथ तेथे नसत. टोबीताची गोष्ट ऐकलेल्या गृहिणीला ती सापडू नये, हे काही वाचनाला उत्तेजन नव्हे!

१८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणावरील संविधान घोषित केले आणि धर्मग्रंथ सर्व श्रद्धावंतांना खुला असावा, असे बजावले. १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली निघाले. २०१३ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार लाभला. म्हणजे परवानगी आहे, ग्रंथ आहे, सुबोध मराठीही आहे.

उणीव आहे ती बैठकीची. रविवारी आपण दहा-पंधरा ओव्यांएवढा उतारा ऐकतो; त्याच्या मागचे-पुढचे प्रकरण कोणते, हे मिस्सानंतर विचारले तर बहुतेकांची पंचाईत होते. संत मार्कचे शुभवर्तमान अवघे सोळा अध्यायांचे आहे. मोठ्याने वाचले तरी ते दीड-दोन तासांत संपते. म्हणजे शेजारच्या सप्ताहातील एका कीर्तनाएवढा वेळ.