गादी कोणी निवडायची?



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं आणि आता हे गाद्यांवर बोलणार! पण माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्या वस्तूवर काढतो तिचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. आणि ती विकत घ्यायची वेळ आली की आपण दुकानात दहा मिनिटांत, बहुधा विक्रेत्याच्या बोलण्यावर, निर्णय करून मोकळे होतो. आरामाची कोणती आणि परवडणारी कोणती, हे दोन्ही प्रश्न फार जुने आहेत. ते पूर्वी कोण सोडवत होतं आणि आता कोण सोडवतं, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत 'गादी' हा शब्द झोपेपेक्षा बसण्याशी जास्त जोडलेला आहे. सातारची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, सराफाच्या पेढीवरची गादी. गादी म्हणजे सत्ता आणि पत. झोपायच्या वस्तूला आपले साधे शब्द वेगळेच आहेत: अंथरूण, बिछाना, वळकटी. म्हणून म्हणही 'अंथरूण पाहून पाय पसरावे' अशी आहे, 'गादी पाहून' नाही. (कुस्तीत मात्र गादी आणि माती असे दोन विभाग झाले, तो भाग निराळा.)

सामान्य माणसाच्या अंथरुणात कापूस भरलेली गादी फार उशिरा आली. घोंगडी, वाकळ, गोधडी, गवताची चटई, भाताच्या मुलखात खाली पसरलेला पेंढा, फार तर सुंभाने विणलेली बाज, एवढ्यावर पिढ्या निजल्या. ज्या वऱ्हाड-खानदेशात कापूस पिकत होता तिथेही शेतकऱ्याच्या पाठीखाली तो असेलच असं नाही. तो गाठी बांधून मुंबईला आणि पुढे लँकेशायरला जात होता.

मऊ अंथरूण म्हणजे काय आणि ते किती मऊ असावं, याचा बारकाईने केलेला जुना विचार हवा असेल तर पाली विनयपिटकाकडे जावं लागतं. आपल्याकडे पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या बौद्ध बंधुभगिनींना ठाऊकच आहे की आठव्या शीलात उंच आणि थाटाच्या शय्येपासून दूर राहण्याचं व्रत असतं. पण विनयात ते मोघम उपदेशावर सोडलेलं नाही, मापं दिलेली आहेत. भिक्षूच्या मंचकाचे पाय आठ अंगुळांपेक्षा उंच नसावेत, जास्त झाले तर कापून टाकावेत. मंचकात कापूस भरला असेल तर तो उपसून काढावा. मग भिक्षूने दगडावर निजायचं का? नाही. बैठकीच्या गादीला पाली शब्द 'भिसि'. तिच्यात लोकर, कापडाच्या चिंध्या, झाडाची साल, गवत किंवा पानं, अशा पाच प्रकारचं भरण चालतं. काढलेला कापूसही वाया घालवायचा नाही. तो पिंजून त्याची उशी करावी, आणि उशी डोक्याच्या मापाची असावी, अर्ध्या अंगाला पुरेल एवढी नव्हे!

आता भाजे किंवा कान्हेरीच्या लेण्यांत जा. विहारातल्या खोल्यांमध्ये दगडातच कोरलेले ओटे आहेत. आपण ते पाहतो आणि म्हणतो, केवढी ही कठोर तपश्चर्या! विनय वाचलेला माणूस म्हणेल, यावर काहीतरी अंथरलेलं असणार, आणि ते काय असावं यावर वादही झालेले असणार. आम्हाला यात विशेष वाटतं ते असं, की आराम नाकारलेला नाही. आरामाचं माप ठरवलं आहे. आणि ते माप वापरणाऱ्यांच्या संघानेच ठरवलं आहे, मंचक करणाऱ्या सुताराने नाही.

इथे प्लेटोची आठवण होते. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात त्याने उदाहरण घेतलंय ते नेमकं पलंगाचं. एक पलंगाची कल्पना, दुसरा सुताराने केलेला पलंग, तिसरा चित्रकाराने रंगवलेला. हे सगळे शिकवतात, आम्हीही शिकवत आलो. पण त्याच्या थोडं पुढे प्लेटो जे म्हणतो त्याकडे कमी लक्ष जातं. प्रत्येक वस्तूच्या तीन कला असतात, वापरण्याची, करण्याची आणि नक्कल करण्याची. यात खरं ज्ञान वापरणाऱ्याचं. बासरी चांगली की वाईट हे वाजवणारा सांगतो, कारागीर त्याचं ऐकून बासरी करतो. नक्कल करणाऱ्याला दोन्हीतलं काही कळत नाही, त्याला फक्त दिसायला चांगलं काढता येतं. प्लेटोच्या काळी जाहिरात नव्हती. असती तर या तिसऱ्या जागेसाठी त्याला चित्रकारावर एवढं तोंडसुख घ्यावं लागलं नसतं.

हा बासरीवाल्याचा दाखला आपल्या अंगणात प्रत्यक्ष घडत होता. आपल्यापैकी साठीपुढच्या मंडळींच्या कानात तो आवाज अजून असेल: दुपारच्या वेळी गल्लीतून ताणलेल्या तातीचा टणत्कार करत येणारा पिंजारी. पिंजारी, नदाफ, मन्सूरी ही मुख्यतः मुसलमान कारागिरांची नावं. खांद्यावर धनुष्यासारखं भलंमोठं पिंजण आणि हातात तातीवर मारायचा लाकडी ठोकळा. जुनी गादी उसवायची, दगडासारखे झालेले गोळे बाहेर काढायचे आणि तातीच्या कंपनाने ते मोकळे करायचे. तासाभरात अंगणात ढग उतरल्यासारखा ढीग होई आणि घरातली मुलं त्यात उड्या मारायला टपलेली असत.

यामागचं शास्त्र साधं आहे. गादीचा मऊपणा कापसाचा नसतो, त्यात अडकलेल्या हवेचा असतो. अंगाच्या भाराने आणि घामाच्या ओलीने तंतू एकमेकांत गुंततात, हवा निघून जाते, गाठी होतात. पिंजणं म्हणजे ती हवा परत भरणं. प्रत्येक वेळी थोडे तंतू तुटून धूळ होते, म्हणून किलो-दोन किलो नवा कापूस घालायचा. सावरीचा कापूस हलका आणि गुळगुळीत, तो उशीसाठी. मग पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या खोळीत भरून, काठीने सारखा करून, दाभणाने टाके. एका माणसाच्या गादीला आठ-दहा किलो कापूस लागायचा, आणि तो तुमच्यासमोर तागडीत तोलला जायचा.

आता लक्ष द्या. हे सगळं चालू असताना घरातलं कोणीतरी पिंजाऱ्याच्या डोक्यावर उभं असे. 'इथे थोडा जास्त घाला', 'बाबांची कंबर दुखते, टाके जवळजवळ घाला', 'ही पोरांची आहे, पातळ चालेल'. टाके जवळ घातले की गादी घट्ट, लांब घातले की फुगीर. म्हणजे वापरणारा बोलतोय आणि करणारा ऐकतोय. पैशाचाही हिशेब असाच होता. एकदा कापूस घेतला की दर दोन-चार वर्षांनी मजुरी आणि थोडी भर. गादीचं मोल वर्षानुवर्षं हप्त्याने फेडलं जाई, तेही व्याजाशिवाय.

पण आम्हाला इथे जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. पिंजाऱ्याशी बोलणारं ते 'घरातलं कोणीतरी' म्हणजे कोण? घरातली कर्ती बाई किंवा पुरुष. सुनेला विचारलं जात नव्हतं, गड्याला तर नाहीच. आणि विधवेला? स्कंदपुराणातल्या काशीखंडात विधवेने पलंगावर निजू नये असा दंडक आहे, निजली तर म्हणे तिचा पती अधोगतीला जातो. आपल्या पांढरपेशा घरांमध्ये केशवपन केलेल्या बायका चटईवर, घोंगडीवर आयुष्य काढत होत्या आणि पलीकडच्या खोलीत दहा किलो कापसाची गादी असे. सोवळ्यालाही लोकर चालायची, त्यामुळे जमिनीवरच्या घोंगडीला वर पावित्र्याचाही मुलामा मिळाला. मुंबईच्या गिरणगावात आणखी वेगळी तऱ्हा. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष, रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार, वळकटी मात्र प्रत्येकाची आपली. तिथे गादीचा विचार करायला जागाच नव्हती, शब्दशः! तेव्हा वापरणाऱ्याचं मत हा काही सगळ्यांना मिळालेला हक्क नव्हता. बाजाराने तो निदान पैसे असतील त्या प्रत्येकाला दिला, हे मान्य केलं पाहिजे.

तो बाजार कसा आला हे थोडक्यात. डनलॉप कंपनीच्या लोकांनी 1929 च्या सुमारास रबराच्या चिकाचा फेस घुसळून त्याचा फोम केला. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं, त्यातून पुढे आजचा स्वस्त फोम आला. ज्याला मेमरी फोम म्हणतात तो 1966 मध्ये अमेरिकेत नासासाठी, विमानातल्या आसनांच्या कामातून निघाला. आपल्याकडे मधली एक पायरी होती, ती म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून केलेल्या गाद्या. साठच्या दशकात कर्नाटकात त्यांचं मोठं उत्पादन सुरू झालं आणि 'कर्ल-ऑन' हे नाव घरोघर झालं. सत्तरच्या दशकापासून फोम पसरत गेला. फ्लॅटमध्ये अंगण नव्हतं, गच्ची सोसायटीची, कापूस उडाला की शेजाऱ्यांची तक्रार. पिंजाऱ्याने आधी विजेचं यंत्र घेतलं, मग गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान घातलं आणि पुढे बऱ्याच जणांनी त्याच दुकानात फोमच्या तयार गाद्या विकायला ठेवल्या.

फोमची गादी उसवता येत नाही. बसली की बसली, टाकून द्यायची. दुरुस्तीच संपली तेव्हा दुरुस्तीच्या वेळी होणारं बोलणंही संपलं. त्या रिकाम्या जागेत दोन शब्द शिरले. एक 'ऑर्थोपेडिक', दुसरा 'डेन्सिटी'.

पहिल्याबद्दल. गादीवर 'ऑर्थो' छापायला कोणत्याही हाडांच्या डॉक्टरची सही लागत नाही. पुष्कळदा आत फोमच्या कापलेल्या तुकड्यांचा लगदा चिकटवून केलेला थर असतो, तो कडक लागतो आणि कडक म्हणजे पाठीला चांगलं, ही आपली समजूत तयारच असते. पाठ दुखते? फळीवर झोप! पिढ्यान् पिढ्या हा सल्ला दिला गेला. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्पेनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीचे 313 रुग्ण, निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक, आणि कोणाला कोणती दिली हे त्यांना सांगितलेलं नाही. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. म्हणजे दोष कंबरेचा नव्हता, फळीचा होता. पण आमच्या मते त्या चाचणीतली जास्त मोलाची गोष्ट अशी, की तिथे लोकांना 90 रात्री झोपवून मग विचारलं. दुकानात आपण काठावर बसतो, तळहाताने दाबून बघतो. गादीवर झोपायचं असतं हो, तळहात टेकायचा नसतो! चपला काढून, नेहमी ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर पंधरा मिनिटं पडून राहा. खांदा आणि नितंब थोडे आत जायला हवेत, कंबर लोंबता कामा नये. लाजू नका. हल्ली काही कंपन्या शंभर रात्री वापरून परत करण्याची मुभा देतात, ती असेल तर तिचे नियम नीट वाचून घ्या. अर्थात तिथेही तुम्हाला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. 'इथे थोडा जास्त घाला' म्हणायची सोय नाही.

दुसरा शब्द डेन्सिटी. हा मात्र खरा शब्द आहे, आणि परवडण्याचा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. बरेच लोक डेन्सिटी म्हणजे कडकपणा समजतात. तसं नाही. एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची डेन्सिटी. फोम मऊ असूनही भारी असू शकतो आणि कडक असूनही हलका. साधारणपणे एकाच जातीच्या फोममध्ये जो भारी तो जास्त वर्षं टिकतो, हलका लवकर बसतो. सात हजारांची गादी तीन वर्षांत बसली आणि बारा हजारांची दहा वर्षं टिकली तर स्वस्त कोणती, हा हिशेब आपल्या आजीला पिंजाऱ्यासमोर उभं राहून तोंडपाठ करता येत होता. आपल्याला तो करता येत नाही, कारण आत काय आहे ते दिसत नाही.

पण तागडी अजून आहे. सहा फूट बाय तीन फूट, जाडी चार इंच, म्हणजे सहा घनफूट, म्हणजे 0.17 घनमीटर. दुकानदार 32 डेन्सिटी म्हणत असेल तर आतला फोम साडेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे. 40 म्हणत असेल तर पावणेसातच्या वर. खोळीचं वजन वेगळं धरा, आणि हा हिशेब पूर्ण फोमच्या गादीचा आहे, काथ्याच्या किंवा स्प्रिंगच्या नाही. दुकानात काटा नसेल, तर शेजारच्या रद्दीवाल्याकडे नक्की असतो.